कळपाविना माधुरी

नांदणीच्या जैन मठातली महादेवी हत्तीण, म्हणजे लोकांची माधुरी, जुलै २०२५ अखेरीस जामनगरच्या ‘वनतारा’ या प्राणी पुनर्वसन केंद्रात गेली आणि सारा शिरोळ तालुका हळहळला. ३ ऑगस्टला नांदणीहून कोल्हापूरपर्यंत हजारो माणसं मूक पदयात्रेत चालली. ती माया खरीच होती. पण हत्तीच्या शरीराला आणि मनाला काय लागतं, यावर त्या दिवसांत फारच कमी बोललं गेलं.

१९८४ मध्ये अमेरिकेतल्या पोर्टलंडच्या प्राणीसंग्रहालयात केटी पेन या संशोधिकेला आशियाई हत्तींजवळ उभं असताना हवेत धडधड जाणवली. ऐकू मात्र काहीच येत नव्हतं. ध्वनिमुद्रण तपासल्यावर उलगडा झाला: हत्ती १४ ते २४ हर्ट्झच्या खर्जात एकमेकांशी बोलत होते, आणि माणसाचा कान साधारण २० हर्ट्झखालचं टिपत नाही. अशी साद काही किलोमीटर जाते. जमिनीतून येणारी तिची कंपनं हत्तीच्या तळव्यांनाही कळतात. माधुरी मठात तीस वर्षांहून अधिक काळ एकटी राहिली. तिने कधी अशी साद घातली असेल, तर ओ द्यायला तिथे कोण होतं? माहूत कितीही जिवाभावाचा असला तरी त्याला ती ऐकूच येणार नव्हती.

तिच्या पायांचं दुखणंही समजून घ्यायला हवं. हत्ती बोटांवर चालतो, टाचेखाली चरबीची जाड गादी असते. माती, चिखल, चढउतार तुडवत दिवसभर हिंडण्यासाठी हा पाय घडला आहे. टणक फरशीवर बांधून ठेवलं की नखं बेसुमार वाढतात, तळवा कुजतो, सांधे धरतात. माधुरीच्या तपासणीत संधिवात आणि पायाचे विकार नोंदवले गेले होते. १६ जुलैला मुंबई उच्च न्यायालयाने मठाच्या धार्मिक हक्कापेक्षा तिच्या चांगल्या जगण्याच्या हक्काला वरचं स्थान दिलं. २८ जुलैला सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल कायम केला. मला तो योग्य वाटतो. जोतिबा देवस्थानच्या ‘सुंदर’ नावाच्या हत्तीलाही २०१४ मध्ये असंच न्यायालयाच्या आदेशाने बंगळुरूजवळच्या बन्नेरघट्टा उद्यानात हलवावं लागलं होतं.

हत्तींसारखंच समुद्रातल्या ओर्काचं, म्हणजे किलर व्हेलचं, आयुष्यही आईआजीभोवतीच फिरतं आणि प्रत्येक कुटुंबाची बोली वेगळी असते. आइसलँडजवळ १९८३ मध्ये पकडलेला तिलिकुम नावाचा ओर्का २०१७ मध्ये मरेपर्यंत टाक्यांमध्येच राहिला. तीन माणसांच्या मृत्यूंशी त्याचं नाव जोडलं गेलं. भारताने २०१३ मध्ये डॉल्फिनांच्या खेळांसाठीच्या केंद्रांना मनाई केली. हत्तीला मात्र तो न्याय मिळाला नाही. २०२२ च्या वन्यजीव कायदा दुरुस्तीने मालकीचा दाखला असलेल्यांना धार्मिक कारणासाठी हत्ती हस्तांतरित करण्याची वाट मोकळी ठेवली आहे.

लहानपणापासून माणसांत वाढलेल्या माधुरीला आता जंगलात सोडता येणार नाही, हेही खरं. वनताराने नांदणी परिसरात पुनर्वसन केंद्र उभारण्याची तयारी दाखवली आहे. ते उभं राहिलं तर पाहणी करणाऱ्यांनी आधी तीन गोष्टी विचाराव्यात: पायाखाली माती आहे का, रात्री साखळी सुटते का, आणि तिच्यासोबत दुसऱ्या हत्तिणी आहेत का.