हस्ताच्या पावसात ओसरीवरची रोपे



जव्हार-मोखाड्याकडच्या पाड्यांत भाताची कापणी उरकली की अनेक कुटुंबे वीटभट्टीच्या किंवा बांधकामाच्या कामासाठी घर सोडतात. ज्यांच्या विहिरीला हिवाळ्यातही पाणी राहते, त्यांना घरालगतच्या चार-पाच गुंठ्यांत भाजी आणि झेंडू लावून गावात थांबता येते. मग मुलांची शाळाही तुटत नाही. पण हे जमणार की नाही, ते सप्टेंबरमध्येच ठरते.

टोमॅटो, वांगी, मिरची, कोबी आणि झेंडू यांची आधी रोपे तयार करावी लागतात. नेमका त्याच वेळी हस्ताचा पाऊस येतो. उघड्या वाफ्यावर एक जोराची सर आली की बारीक बी वाहून जाते. उगवले तरी सततच्या ओलीने खोड जमिनीलगत कुजते आणि रोप कोलमडते. संकरित बियाण्याची पुडी महाग असते. दुसरी घ्यायला हातात पैसे नसतात आणि हंगामही पुढे सरकतो. म्हणून रोपे छपराखाली, ओसरीवर वाढवायची.

अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे, दह्याचे डबे किंवा दुधाच्या पिशव्या, काहीही चालते. तळाला भोक मात्र हवेच. चाळलेली माती, वाळू आणि पूर्ण कुजलेले शेणखत समभाग मिसळावे. कच्चे शेण घालू नये, त्याने कोवळी मुळे जळतात. बी अर्धा सेंटिमीटर खोल टाकून वर ओले गोणपाट घालावे. मुंग्या बी उचलून नेतात, म्हणून फळीच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवाव्यात.

मिरची आणि वांग्याचे रोप तयार व्हायला 35 ते 40 दिवस लागतात, म्हणून त्यांचे बी सप्टेंबरच्या सुरुवातीला टाकावे. टोमॅटो, कोबी आणि झेंडूला 25 ते 30 दिवस पुरतात. त्यांचे बी महिन्याच्या मध्याला टाकावे. म्हणजे हस्त संपता संपता सगळी रोपे एकदमच लावणीला येतात. मिरचीच्या बियाला ऊब लागते, ते उगवेपर्यंत चुलीजवळ ठेवले तरी चालते. मुळा, गाजर, मेथी यांची रोपे करू नयेत. ते बी थेट जमिनीतच पेरावे.

पहिला कोंब दिसताच गोणपाट काढून ट्रे उजेडात आणावेत. हे मी चुकून शिकलो. पहिल्या वर्षी मी दुसऱ्या पाड्यावर अडकलो आणि गोणपाट दोन दिवस तसेच राहिले. परत आलो तेव्हा रोपे पांढरी, दोऱ्यासारखी लांब झाली होती. एकही तगले नाही. ज्या ताईंच्या ओसरीवर ते ट्रे होते, त्या मला रागावल्या नाहीत. एवढेच म्हणाल्या, "भाऊ, घरात कोंडलेलं पोर असंच होतं." तेव्हापासून ट्रे पागोळ्यांच्या आत, पण सकाळचे ऊन मिळेल अशा कडेला ठेवतो. पाणी सकाळी, झारीने आणि बेताचेच घालतो.

लावणीआधीचा आठवडा महत्त्वाचा. छपराखालचे रोप एकदम शेतात नेले तर उन्हाने मान टाकते. त्याला पहिल्या दिवशी तासभर ऊन द्यावे, मग रोज थोडे वाढवावे आणि पाणी कमी करावे. रोप काटक झाले की सायंकाळी लावावे. ऑक्टोबरच्या मध्याला लावलेला झेंडू नाताळच्या सुमारास फुलावर येतो.

शहरातल्या वाचकांनाही हे खिडकीत करून पाहता येईल. शिवाय अंड्यांचे कोरडे, स्वच्छ ट्रे कचऱ्यात टाकू नका, आमच्यासाठी जपून ठेवा. एका ट्रेमध्ये तीस रोपे मावतात.