विरजणांतील जंतु आणि स्त्रियांचा कर्करोग

आपल्या घरांत रोज रात्रीं विरजण लागतें. पण त्या चमचाभर दह्यांत कोट्यवधि सूक्ष्मजंतु नांदत असतात, हें क्वचितच कोणाच्या ध्यानांत येतें. पॅरिसच्या पाश्चर संस्थेंतील मेच्निकॉफ यांनीं दह्यांतील जंतूंचा मोठा पुरस्कार केला. त्यांना १९०८ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें, तें मात्र रोगप्रतिकारशक्तीच्या शोधाबद्दल. त्याआधीं १८९२ सालीं जर्मन वैद्य ड्योडरलाइन यांनीं स्त्रीच्या जननमार्गांतहि याच कुळांतले जंतु असल्याचें दाखविलें होतें. हे जंतु दुग्धाम्ल निर्माण करून अपायकारक जंतूंना थारा देत नाहींत. मग गर्भाशयमुखाच्या कर्करोगाशींहि ते झुंजतील काय?

याचा शोध घेण्यास बहुधा 'हेला' पेशी वापरतात. १९५१ सालीं बाल्टिमोर येथें हेन्रिएटा लॅक्स या बाईंच्या गाठींतून त्या, त्यांची संमति न घेतां, काढण्यांत आल्या. बाई त्याच वर्षीं वारल्या. पेशी मात्र अजून जगभर वाढत आहेत. जंतु वाढविलेला द्रव गाळून या पेशींवर घालतात व नंतर एक पिवळें रंगद्रव्य मिसळतात. जिवंत पेशी त्यास जांभळें करतात. रंग जितका फिका, तितक्या पेशी कमी उरल्या. असा परिणाम अनेक प्रयोगांत दिसला आहे.

परंतु नुसतें आम्लहि पेशी मारतें! म्हणून द्रवाचें आम्लत्व घालवून, आणि निरोगी पेशींवरहि, तोच प्रयोग करावा लागतो. शिवाय कांचेच्या बशींतील यश शरीरांत मिळेलच, असें नाहीं. तेव्हां दह्यानें हा रोग बरा होतो, असें कोणी सांगितल्यास विश्वास ठेवूं नये.

या रोगाचें मूळ बहुतेक सर्व रोग्यांत पॅपिलोमा विषाणूंत आहे. १९८३ सालीं झुर हाउझेन यांनीं त्याचा एक प्रमुख प्रकार या रोगाच्या गाठींत शोधून काढला. त्यावर लस आहे. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटनेंहि ती २०२३ सालीं बाजारांत आणली. उस्मानाबाद (आतां धाराशिव) जिल्ह्यांतील १,३१,७४६ स्त्रियांच्या, २००९ सालीं प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांत, विषाणूची एकदां तपासणी केलेल्या गटांतील या रोगाचे मृत्यु जवळजवळ निम्म्यावर आले.

भरल्या घरांत स्त्रिया असलीं दुखणीं लाजेनें झांकून ठेवतात. घरांतील वडीलधाऱ्या बायकांनींच ही लाज मोडावी. मुलींना वेळींच लस टोंचवावी, तिशीनंतर सुनांची तपासणी करवावी, आणि अवेळीं रक्तस्राव दिसल्यास त्याच दिवशीं डॉक्टरांकडे जावें. विरजण आहेच, तें जेवणासाठीं.