कर्नेलचा उंबरठा : हेडर फायलींच्या स्वच्छतेविषयी

जामसर-जव्हार परिसरात पालकांच्या हाती आज जो अँड्रॉइड मोबाइल दिसतो, त्याच्या मुळाशी लिनक्स नावाचे कर्नेल आहे. कर्नेल म्हणजे संगणकप्रणालीचा गाभा. स्मृती, फायली आणि यंत्राचे भाग यांवर थेट अधिकार त्याचाच. आपण वापरतो ते प्रोग्राम या गाभ्याबाहेर, ‘युजर स्पेस’मध्ये राहतात आणि हवी ती सेवा ‘सिस्टिम कॉल’ करून मागतात. कोणत्या सेवेचा क्रमांक कोणता, माहिती कोणत्या क्रमाने मांडावयाची, हे हेडर फायलींत लिहिलेले असते.

हेलसिंकीचे विद्यार्थी लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये लिनक्स जाहीर केले. त्यानंतर अनेक वर्षे एकाच हेडर फाईलमध्ये बाहेरच्या प्रोग्रामांसाठीचा आणि कर्नेलच्या अंतर्गत कामाचा असा दोन्ही मजकूर नांदत होता. वसतिगृहाच्या जेवणाच्या वेळा आणि कोठीघराचा हिशेब एकाच वहीत लिहावा, तसेच हे. अंतर्गत भागाभोवती ‘फक्त कर्नेलसाठी’ अशी खूण करीत. परंतु ती सर्वत्र नव्हती.

त्यामुळे अंतर्गत नावे प्रोग्राममधील नावांवर आदळत आणि प्रोग्राम कंपाइलच होत नसे. काही प्रोग्राम अंतर्गत सोयी परस्पर उचलीत. कर्नेलमध्ये त्या बदलल्या की ते मोडत. म्हणून लिनक्सचे वितरक या फायली स्वतः साफ करून वेगळ्या प्रती बाळगीत.

२००६ मध्ये २.६.१८ या आवृत्तीत ‘हेडर्स इन्स्टॉल’ ही सोय कर्नेलमध्येच आली. निवडक फायलींतील अंतर्गत भाग आपोआप छाटून ती स्वच्छ प्रत तयार करते. डिसेंबर २०१२ मधील ३.७ या आवृत्तीत डेव्हिड हॉवेल्स यांच्या कामामुळे बाहेरचा मजकूर ‘यूएपीआय’ नावाच्या स्वतंत्र फोल्डरांत गेला. अँड्रॉइडची ‘बायोनिक’ ही मूलभूत लायब्ररीसुद्धा कर्नेलच्या हेडर फायली अशाच साफ करून वापरते.

आत आणि बाहेर अशी रेषा दिसली की आपल्या समाजाच्या मनात शंका यावी, हे स्वाभाविक आहे. ज्ञानाची दारे किती काळ बंद होती, याला इतिहास साक्षी आहे. ही रेषा मात्र निराळी आहे. लिनक्सच्या आतील मजकूरही कोणालाही वाचता येतो, आणि जीपीएल परवान्यानुसार बदलताही येतो. रेषेने ठरते ते वचन. आतील रचना कर्नेलकार हवी तेव्हा बदलू शकतात. बाहेर जाहीर केलेले बदलून चालू प्रोग्राम मोडावयाचे नाहीत, हा त्यांचा नियम आहे. म्हणजे या रेषेचे मोठे बंधन अधिकार बाळगणाऱ्यावर पडते आणि सेवा मागणाऱ्याला निर्धास्तता मिळते.

संगणकशास्त्र शिकणाऱ्या आपल्या माजी विद्यार्थ्यांनी कर्नेलच्या मजकुरातील ‘यूएपीआय’ फोल्डर उघडून वाचावे. एवढ्या विशाल प्रणालीत शिरण्यास तो सोपा उंबरठा आहे, आणि तेथे जाण्यास कोणाची परवानगी लागत नाही.