राणीचा चिटणीस आणि त्याचा इतिहास

आफ्रिकेच्या पूर्वेला हिंदी महासागरात मादागास्कर नावाचे बेट आहे. जगातील मोठ्या बेटांत त्याचा नंबर चौथा लागतो. तिथले लोक भात खातात, बैल पाळतात आणि मलागासी भाषा बोलतात. या बेटावर राओंबाना नावाचे एक इतिहासकार होऊन गेले. त्यांची हकिगत आम्ही आज सांगणार आहोत.

राओंबाना यांचा जन्म १८०९ साली झाला. राहानिराका हा त्यांचा जुळा भाऊ. त्या वेळी तेथे राजा रादामा पहिला राज्य करीत होता. गुलामांना परदेशी विकायचे नाही, असा करार त्याने इंग्रजांशी केला. त्याबदली आमची काही मुले तुमच्या देशात शिकवा, असे तो म्हणाला. म्हणून १८२० साली काही मुलांना जहाजाने इंग्लंडला धाडले. त्यांत हे दोघे भाऊ होते. वय जेमतेम अकरा वर्षांचे! मँचेस्टर शहरात राहून ते इंग्रजी शिकले. इतके चांगले शिकले की पुढे जन्मभर त्यांची लेखणी इंग्रजीतच चालली.

१८२९ साली ते घरी परतले. तोवर राजा वारला होता आणि त्याची राणी, पहिली रानावालोना, गादीवर आली होती. राणीला परदेशांशी पत्रव्यवहार करायला माणूस हवाच होता. राओंबाना तिचे चिटणीस झाले.

राणीचा कारभार कडक होता. तिने १८३५ साली आपल्या प्रजेला ख्रिस्ती धर्म पाळायची बंदी केली. कुणावर आळ आला की त्याला तांगेना नावाचे विषारी बी खायला घालीत. त्याबरोबर कोंबडीच्या कातड्याचे तीन तुकडे गिळायला लावीत. तिन्ही तुकडे उलटीतून बाहेर पडले तर माणूस निर्दोष. नाही तर अपराधी! पुष्कळ माणसे या विषानेच मेली. शिवाय लोकांना सरकारी वेठबिगार करावी लागे. त्याची मजुरी मिळत नसे.

हे सारे राओंबाना डोळ्यांनी पाहत होते. दिवसा ते राणीची पत्रे लिहीत. पण घरी गुपचूप आपल्या देशाचा इतिहास लिहीत. म्हाताऱ्याकोताऱ्यांकडून ऐकलेल्या जुन्या राजांच्या गोष्टी त्यांनी उतरवून घेतल्या. आपल्या काळात काय घडले तेही लिहिले. राणीचे दोषही लिहिले. हे कागद दरबारात कुणी वाचले असते तर त्यांची धडगत नव्हती. पण लिखाण होते इंग्रजीत, आणि दरबारात इंग्रजी वाचणारे अगदी थोडे. परकी भाषा हेच त्यांच्या पेटीचे कुलूप झाले म्हणा ना!

राओंबाना १८५५ साली वारले. राणी त्यांच्या मागून सहा वर्षांनी, १८६१ मध्ये वारली. त्यांच्या हातची हजारो पाने मागे राहिली. पुढे सिमों आयाश नावाच्या फ्रेंच अभ्यासकाने ती तपासली आणि त्यांच्या इतिहासाचा पहिला भाग फ्रेंच भाषांतरासह १९८० साली छापून निघाला. म्हणजे लिहिणारा गेल्यावर सव्वाशे वर्षांनी!

वाचकहो, आता एक गोष्ट ध्यानात घ्या. राओंबाना लिहितात ते सारे तंतोतंत खरेच, असे मानायचे कारण नाही. तेही माणूसच, त्यांनाही राग होता, लोभ होता. त्याच शतकात कॅले नावाच्या फ्रेंच पाद्र्यानेही म्हाताऱ्या लोकांच्या तोंडून जुन्या कथा गोळा केल्या, त्या मलागासी भाषेत. अभ्यास करणारे असे दोन्हीकडचे कागद समोर ठेवतात, ताडून पाहतात आणि मग काय घडले ते ठरवतात.

कोर्टात शक्यतो एकाच साक्षीदारावर विसंबत नाहीत. इतिहासाचेही तसेच आहे. पण साक्षीदार मुळात हवा ना? राणीच्या हुकमाची साक्ष दरबारी कागद देतील. त्या हुकमाखाली माणसे कशी जगली आणि कशी मेली, याची साक्ष राओंबानांनी जिवावर उदार होऊन लिहून ठेवली. म्हणून आज मादागास्करच्या लोकांना ती वाचता येते.