प्रेम की मालकी?

कर्जत-खालापूरच्या भातशेतीच्या गावांत काय किंवा देशावर काय, ‘पोरगा तिच्यापायी वेडा झाला’ असे म्हटले की सहानुभूती पोराच्या वाट्याला जाते. ती बांधावरून जाते, एस.टी.ची वाट पाहते, तिथे तिथे त्याची नजर. पण शाळा सुटते तिची आणि घाईने लग्न उरकले जाते तेही तिचेच.

कर्जत-कल्याण लोहमार्गावरच्या उल्हासनगरात मार्च १९९० मध्ये एका मुलीला दहावीच्या परीक्षा केंद्रात जाळण्यात आले. फेब्रुवारी २०२० मध्ये हिंगणघाटला तरुण प्राध्यापिकेला भररस्त्यात पेटवले गेले. दोन्हीकडे पुरुषाला नकार पचला नाही. याला प्रेम म्हणायचे काय?

गावात जमीन ज्याची, शब्द त्याचा. मालकीची हीच सवय मुलीच्या देहापर्यंत पोचते. मुलगी दलित किंवा कातकरी असेल आणि घरची मजुरी त्याच्याच शेतावर असेल, तर ‘नाही’ म्हणणे म्हणजे चूल विझण्याची भीती. तिचे गप्प राहणे होकार ठरवले जाते. अत्याचार प्रतिबंधक कायद्यातील २०१५ ची दुरुस्ती नेमके हेच नाकारते: दलित-आदिवासी स्त्रीने प्रतिकार केला नाही, एवढ्यावरून तिची संमती मानता येत नाही. नको असताना पाठलाग करणे हा २०१३ पासून स्वतंत्र गुन्हा आहे; आज तो भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ खाली येतो.

जुलै १९४२ मध्ये नागपूरच्या महिला परिषदेत बाबासाहेबांनी पत्नी ही पतीची मैत्रीण व बरोबरीची असावी, असे सांगितले. बरोबरीच्या माणसाला नकाराचा हक्क असतो. वर्गात आणि वस्तीत, मुलींच्या आधी मुलांना हे शिकवले पाहिजे.