चुनखडकातील घरटी

जबलपूरजवळ नर्मदेच्या काठी लमेटा नावाचा घाट आहे. भेडाघाटच्या शुभ्र संगमरवरी कड्यांपुढे येथील मळकट चुनखडक कोणाच्या नजरेत भरत नाही. परंतु या घाटावरून ज्यांना ‘लमेटा’ हे नाव मिळाले, ते खडकांचे थर भूशास्त्रज्ञांना फार मोलाचे वाटतात. हे थर पश्चिमेस गुजरातपर्यंत आणि दक्षिणेस आपल्या चंद्रपूर जिल्ह्यातील पिसदुऱ्यापर्यंत तुटक तुटक आढळतात.

हा खडक बनला कसा? सुमारे सात कोटी वर्षांपूर्वी या प्रदेशात नद्या व उथळ तळी होती. पावसाळ्यात ती भरत, उन्हाळ्यात आटत. पाणी आटले की त्यात विरघळलेला चुना मागे राही व वाळूचे कण एकमेकांशी घट्ट सांधून टाकी. हा क्रम हजारो वर्षे चालला आणि वाळूचा खडक झाला.

त्याच वाळूत लांब मानेचे, पाला खाणारे डायनासोर अंडी घालीत. काही घरटी गाळाखाली गाडली गेली व त्यांतील अंडी उबलीच नाहीत. अंड्याचे कवचही चुन्याचेच. म्हणून चुनखडकात ते विरून न जाता टिकले. मध्य प्रदेशातील धार जिल्ह्यात अशी ९२ घरटी व २५६ अंडी सापडल्याचे २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले.

गुजरातेत ढोली डुंगरी येथे एक विलक्षण घरटे मिळाले. भूशास्त्रज्ञ धनंजय मोहबे यांनी १९८७ मध्ये त्याचे वर्णन केले, तेव्हा त्यातील सर्व हाडे डायनासोरच्या पिल्लाची मानली गेली. पुढे बारकाईने पाहता त्यांत एक साप ओळखू आला. साडेतीन मीटर लांबीचा तो साप फुटलेल्या अंड्याभोवती वेटोळे घालून बसला होता व शेजारी नुकतेच जन्मलेले पिल्लू होते. हे २०१० मध्ये जगापुढे आले. घरट्याचा दगड फोडून हाडे विखुरली असती, तर ही हकीकत कधीच कळली नसती.

पुढे ज्वालामुखीच्या लाव्ह्याने हे थर झाकले. त्याच लाव्ह्याच्या थरांतून पुढे सह्याद्रीचा काळा कातळ घडला. जेथे लाव्हा झिजला, तेथे आज चुनखडक पुन्हा उघडा पडला आहे.

चुना व सिमेंट यांसाठी चुनखडक फोडावा लागतो, हे खरे. परंतु जागेवरून उचललेले अंडे हा नुसता गोटा होय. जागेवर राहिलेले अंडे मात्र इतिहास सांगते. म्हणून असा गोटा दिसल्यास तो न हलविता जाणत्यांना कळवावे, हेच शहाणपणाचे.