रक्तशर्करेचे नियंत्रण : एका वैद्यकीय निष्कर्षाची फेरतपासणी

रुग्णालयीन औषधवैद्यकशास्त्रात दरवर्षी इतके शोधनिबंध प्रसिद्ध होतात की, कोणत्याही एका चिकित्सकास ते सर्व वाचणे अशक्य आहे. म्हणूनच नवा निष्कर्ष ठाऊक असण्याइतकेच तो कोणत्या रुग्णांवरून व कोणत्या परिस्थितीत निघाला, हे पाहणेही आवश्यक ठरते. अतिदक्षता विभागातील रक्तशर्करा नियंत्रणाचा इतिहास या दृष्टीने उद्बोधक आहे.

गंभीर आजारात मधुमेह नसलेल्या रुग्णाचीही रक्तशर्करा वाढते. बेल्जियममधील ल्यूव्हेन येथील व्हॅन डेन बर्ग व सहकाऱ्यांनी २००१ मध्ये १,५४८ रुग्णांवरील चाचणी प्रसिद्ध केली. इन्शुलिन देऊन शर्करा ८० ते ११० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर या मर्यादेत राखलेल्या गटात अतिदक्षता विभागातील मृत्यूंचे प्रमाण ४.६ टक्के, तर नेहमीच्या उपचारगटात ते ८ टक्के आढळले. एवढा लाभ अतिदक्षता वैद्यकात क्वचितच दिसतो. साहजिकच अनेक देशांत ही पद्धत उत्साहाने स्वीकारली गेली. परंतु ही चाचणी एकाच केंद्रातील होती. रुग्ण शस्त्रक्रियोत्तर, त्यातही बहुसंख्य हृदयशस्त्रक्रिया झालेले होते. शिवाय त्यांना आरंभापासूनच शिरेवाटे भरपूर ग्लुकोज दिले जात असे. ही माहिती मूळ निबंधातच नमूद होती. घाईत ती मागे पडली, असे म्हणावे लागते.

त्याच गटाने २००६ मध्ये औषधवैद्यक विभागातील १,२०० रुग्णांवर केलेल्या चाचणीत रुग्णालयीन मृत्यूंमध्ये लक्षणीय घट दिसली नाही. पुढे २००९ मध्ये ‘नाइस-शुगर’ ही ६,१०४ रुग्णांची बहुकेंद्री चाचणी प्रसिद्ध झाली. तीत ९० दिवसांतील मृत्यू कडक नियंत्रणाच्या गटात २७.५ टक्के, तर १८० पर्यंत शर्करा चालवून घेणाऱ्या गटात २४.९ टक्के होते. म्हणजे सुमारे ३८ रुग्णांमागे एक अधिक मृत्यू. रक्तशर्करा ४० किंवा त्याखाली जाण्याचा धोकादायक प्रकार पहिल्या गटात ६.८ टक्के, तर दुसऱ्यात केवळ ०.५ टक्के रुग्णांत घडला.

यानंतर १४० ते १८० ही मर्यादा सर्वसाधारणपणे रूढ झाली. तरीही ल्यूव्हेनचा पहिला निष्कर्ष चुकीचा होता काय, हा प्रश्न उरलाच होता. बेल्जियममध्येच ९,२३० रुग्णांवर झालेल्या व २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत शिरेवाटे पोषण आरंभी टाळण्यात आले. तेव्हा कडक नियंत्रणाने मृत्यूंच्या प्रमाणात फरक पडला नाही. २००१ च्या लाभामागे त्या काळची पोषणपद्धती असावी, या शंकेला त्यामुळे बळ मिळाले.